पहिला ठोका धोंडीबाचा

रविवार, १८ जानेवारी १९८१. काळेवाडी.

सुटले बाई एकदाची हॉस्टेलच्या त्या पाणचट आमटीतून! आजपासून मुक्काम भीमराजमामाकडे. मामाने माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरवर बांधली, मी मागून वळकटी सांभाळत चालत आले, आणि गल्लीतली निम्मी पोरं वरातीसारखी आमच्या मागे. परभणी सोडून विद्यापीठात आले त्याला सहा महिने होऊन गेले, पण आपल्या घरी आल्यासारखं आज पहिल्यांदा वाटलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. गिरजामामीने खिडकीखालचं टेबल मला मोकळं करून दिलं. त्यावर तिचं शिवणयंत्र होतं, ते स्वतः उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, तुझं शिक्षण आधी, माझी ब्लाउजं मागाहून. मामीची जीभ तिखट आहे, पण हात सढळ. मला तीन भाकरी खायला लावल्या आणि वर म्हणते कशी, हॉस्टेलवाल्यांनी तुला हँगरला टांगून ठेवलं होतं का गं.

मामाबद्दल काय लिहू? बाबा गेले तेव्हा सगळे नातेवाईक माझं लग्न उरकायला निघाले होते. मामा एकटा परभणीला आला, ओट्यावर ठाण मांडून बसला आणि पोरगी शिकणार म्हणजे शिकणार, असं सांगून सगळ्यांना वाटेला लावलं. भोसरीच्या एका कंपनीत तो प्रेसशॉपला आहे, पत्र्यावर ठोके मारून स्कूटरचे भाग काढतो. पण हाडाचा तो ढोलकीवाला! चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीच्या गायनपार्टीची ढोलकी त्याच्याच गळ्यात असते. आज माझ्या स्वागताला ओट्यावर बसून वाजवली. मी त्याची बोटं बघत बसले आणि मामीने दोनदा हाक मारलेली मला ऐकूच आली नाही.

मंगळवार, २७ जानेवारी.

ऑटोमाटा, म्हणजे यंत्रांच्या गणिताचा विषय मला भलताच आवडायला लागलाय. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि पोरांना वाटतं आम्ही स्वेटर विणायला येतो. विणेन म्हणावं, पण आधी गणित सोडवून दाखवते!

आज सर म्हणाले, यंत्राला आठवण नसते, अवस्था असते. कागदावर गोल काढायचे. एकेक गोल म्हणजे यंत्राची एकेक अवस्था. एका गोलातून दुसऱ्यात जाणारे बाण, आणि प्रत्येक बाणावर एक अक्षर. बटण दाबलं हे एक अक्षर, वीज आली हे दुसरं. अशी सगळी अक्षरं मिळून त्या यंत्राची वर्णमाला. त्या वर्णमालेपलीकडचं यंत्राला काही ऐकूच येत नाही. मामीला गोल-बाण दाखवले तर म्हणाली, ही कसली पत्रिका मांडलीस बाई, आणि तीही आपल्या घरात!

या सत्रात प्रत्येकाने एका खऱ्याखुऱ्या यंत्राचं असं चित्र काढायचं आहे. मामाने लगेच छाती फुगवली. त्यांच्या देखभाल विभागाचे साहेब उद्धवराव सज्जन आहेत, उद्याच विचारतो म्हणाला.

शनिवार, ७ फेब्रुवारी.

आज प्रेसशॉप पाहिलं. बाप रे, काय तो आवाज! पायाखालची फरशी सारखी हलत असते. एक बाई आत आलेली बघून सगळे वळून वळून बघत होते आणि मामा मला मंत्रीणबाई आणल्यासारखा मिरवत होता. ही आमची कस्तुरा, विद्यापीठात यंत्रांचं शास्त्र शिकते, असं ज्याला त्याला सांगत सुटला.

मामाचा चार नंबरचा प्रेस माझ्या दुप्पट उंच आहे. डाव्या-उजव्या बाजूला दोन बटणं. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची, की वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि पुन्हा वर जातो. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले, म्हणजे खाली सापडायला हात मोकळा राहतच नाही. मला ही युक्ती फार आवडली.

पण या एकाच प्रेसला एक लाल दिवा आहे. वीज आली की तो लागतो, आणि एक ठोका पत्र्याशिवाय, रिकामा मारला की विझतो. त्यानंतरच कामाचे ठोके सुरू. सगळी माणसं त्याला धोंडीबाचा ठोका म्हणतात. तो पडेपर्यंत आजूबाजूचे हात मागे घेऊन उभे राहतात.

उद्धवरावांनी चहा पिता पिता सगळं सांगितलं. धोंडीबा इथलाच शेतकरी. जिथे प्रेस आहे तिथे त्याचं वावर होतं. कारखान्यासाठी जमीन गेली आणि बदल्यात त्याला कंपनीत नोकरी मिळाली. पेरणीला पहिली मूठ जमिनीला म्हणून नुसतीच सोडायची त्याच्या घरची रीत, तीच त्याने इथे चालवली. म्हणायचा, रान माझंच हाय, पयली मूठ त्याची. रोज पहिला ठोका रिकामा. एक दिवस घाईत असलेल्या फोरमनने त्याला खडसावलं आणि पहिल्याच ठोक्याला पत्रा ठेवायला लावला. त्याच दिवशी दुपारी बटणाला हात न लावता ठोकळा खाली आला. धोंडीबाचे दोन्ही हात आत होते. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही बिचारा. नंतर त्या प्रेसवर बसायला कोणी तयार होईना, तेव्हा जुन्या इलेक्ट्रिशियनने विजेच्या पॅनेलमध्ये पहिला ठोका टिपणारा एक रिले बसवला आणि हा लाल दिवा लावून दिला.

तो रिले मी पाहिला. मुठीत मावेल एवढा. ठोकळा खाली आला की त्याला वीज मिळते आणि त्याची लोखंडी पाती टक करून आत ओढली जाते. ठोकळा वर गेला की दुसरं टक करून पाती सुटते. टक-टक. गोजिरवाणा आहे अगदी.

येताना मामाने स्वतःच विषय काढला. छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस तो. म्हणाला, रोज सकाळी त्या लाल दिव्यापुढे मान खाली घालून उभं राहायची लाज वाटते गं. आपण एकदा सोडलं ते सोडलं ना?

रविवार, २२ फेब्रुवारी.

सापडलं! सापडलं! आनंदाने मामीला उचलायला गेले आणि तिच्या हातातलं पिठाचं ताट पडलं.

सरांनी यंत्र लहान करायची रीत शिकवली. अवस्थांच्या सगळ्या जोड्या तक्त्यात मांडायच्या. जी जोडी कुठल्या ना कुठल्या अक्षरमालेने वेगळी ओळखता येते तिच्यावर फुली. शेवटी जी जोडी फुलीवाचून उरेल, त्या दोन अवस्था मुळात एकच. त्यांचा एक गोल करून टाकायचा, यंत्राला काही फरक पडत नाही.

प्रेसचा तक्ता मांडला. सगळीकडे फुल्या पडल्या, एक जोडी उरली. लाल दिवा लागलेली अवस्था आणि तयार अवस्था. दोन्हीत बटणं दाबली की ठोकाच पडतो, वीज गेली की यंत्र थांबतंच. माझ्या वर्णमालेतलं कुठलंही अक्षर त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणजे तो रिले फुकटचा! दिवा आपला उगाच लागतो आणि उगाच विझतो.

मामाला सांगितलं तर त्याने ढोलकी ओढून तिथेच एक तोडा वाजवला. उद्धवराव तर या रिलेवर वैतागलेलेच आहेत. त्याची पाती अधूनमधून चिकटते आणि प्रेस बंद पडतो. मामी तेवढी म्हणाली, कुणाच्या दोन घासांनी आपलं काय अडतंय, राहू द्या की. आम्ही दोघांनी तिला हसून गप्प केलं.

शनिवार, १४ मार्च.

रिले निघाला. दिवाही काढला. उद्धवरावांनी अहवालात माझं नाव लिहिलं आणि बक्षीस म्हणून तो रिलेच मला देऊन टाकला. आता माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलाय, छान वजन होतं त्याचं.

पण आज प्रेसवर पहिला बसायला कोणी पुढे येईना. सगळे हात झटकत उभे. मग मामा गेला. माझ्या पोरीने काढलंय, मीच बसणार, असं सगळ्यांदेखत म्हणाला आणि पहिल्याच ठोक्याला पत्रा ठेवला. काही झालं नाही. काही होणारच नव्हतं!

सरांनी प्रकल्पाला सगळ्यांत जास्त गुण दिले. एवढंच विचारलं, वर्णमाला कशी ठरवलीस? मी म्हटलं, यंत्राला जेवढी बटणं आहेत आणि जेवढ्या तारा आहेत तेवढी अक्षरं. ते हं म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

शुक्रवार, २० मार्च.

मामा आज जरा उशिरा जेवायला बसला. सहज बोलल्यासारखं म्हणाला, दुपारी प्रेसचा ठोका आपसूक पडला. मामा पाणी प्यायला मागे सरकला होता, बटणांपाशी कोणी नव्हतं. रिकामा ठोका, एकच. नंतर दिवसभर प्रेस शहाण्यासारखा चालला.

मी चित्र काढून बसले. माझ्या चित्रात असा बाणच नाही. बटणावाचून ठोका होऊ शकत नाही. कुठे तरी तार सुटली असेल. उद्धवरावांनाही तेच वाटतंय, उद्या पॅनेल उघडणार आहेत.

मंगळवार, २४ मार्च.

पॅनेलमध्ये एकही तार सुटलेली नाही.

ठोका मात्र रोज पडतोय. दिवसातून एकदा, आणि रिकामा. काल सकाळी, आज जेवणानंतर. कधी पडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि आज आणखी एक झालं. हे मामीला सांगितलेलं नाही. दुपारी टेबलावर वाचत होते. एकवीरा-जोगेश्वरी कुणाला मानत नाही मी, तरी अंगावर सरसरून काटा आला. टेबलावरचा रिले वाजला. टक-टक. त्याला ना तार, ना वीज. पाती माझ्या डोळ्यांदेखत आत गेली आणि सुटली.

वेळ लिहून ठेवली. मामा आल्यावर विचारलं. तीच वेळ.

शनिवार, २८ मार्च.

पुन्हा तेच. काल, परवा आणि आजही. इथे टक, तिथे ठोकळा खाली. इथे दुसरं टक, तिथे ठोकळा वर. मामाने सांगायच्या आधी मीच त्याला वेळ सांगितली, तेव्हा त्याचा हातातला घास हातातच राहिला.

मी म्हटलं, मामा, तू जाऊ नकोस. आजारी पडल्याचं कळव. तर म्हणतो, मी उठलो तर माझ्या जागी कुणाचं तरी दुसरं पोर बसवतील, ते चालेल का तुला? आणि भूतबीत काही नसतं कस्तुरे, मग भ्यायचं कशाला? एवढं बोलला, पण ढोलकीला आज हात लावला नाही. जयंती तोंडावर आलीय आणि याने ढोलकीला हात लावला नाही!

गुरुवार, २ एप्रिल.

आज वीजकपातीमुळे कारखान्याला सुट्टी. दिवसभर रिलेसमोर बसले. वाजला नाही. प्रेस चालू असेल तेव्हाच वाजतो.

चूक सापडली. यंत्रात नाही, माझ्यात आहे.

दोन अवस्था सारख्या आहेत असं मी सिद्ध केलं. कशाच्या जोरावर? माझ्या वर्णमालेच्या. ती वर्णमाला माझी मीच ठरवली होती. बटणं, तारा, वीज. त्या प्रेसला आणखी एक अक्षर ऐकू येतं, आणि ते मी धरलंच नाही. कोण दाबतं ते, कुठून दाबतं, मला ठाऊक नाही. पण तेवढ्या एका अक्षराने त्या दोन अवस्था वेगळ्या होत्या. तिथे फुली पडायला हवी होती.

सरांनी विचारलं होतं. मी टेचात उत्तर दिलं. मूर्ख, मूर्ख मुलगी!

ठोका मी पुसलाच नाही. तो होताच, आहेच. आधी तो पहिला असायचा, सगळ्यांना ठाऊक असायचा, सगळे हात मागे घेऊन उभे राहायचे. मी फक्त त्याची ठरलेली वेळ पुसली.

सोमवार, ६ एप्रिल.

मामाने माझं ऐकून सकाळी आधी रिकामा ठोका मारून पाहिला. उपयोग नाही. दुपारी दुसरा पडलाच. पहिला ठोका दिला हे पोचवणारा रिले इथे आहे. माझ्या कागदांवर.

आज मामा पत्रा ठेवत होता. चिमट्याने ठेवतो आता, म्हणून वाचला. चिमटा चेपून पापडासारखा झाला. तो चिमटा त्याने घरी आणला, मामीने पाहिला. मग आम्हा दोघांना जे काही बोलली! शास्त्र तुमचं, हात माझ्या नवऱ्याचे, म्हणाली.

मी रडले. मामाच मला समजावत होता, माझ्या डोक्यावर हात ठेवून. हात त्याचेच.

शुक्रवार, १० एप्रिल.

उद्धवरावांकडे गेले. पाया पडायचीच बाकी राहिले. आधी चिडले, वरच्या साहेबांना काय भूत लागलंय म्हणून कळवू का, म्हणाले. मग खिडकीतून प्रेसकडे बघत राहिले. त्यांनी स्वतः तो ठोका पडताना पाहिलाय आता. सोमवारी चहाच्या सुट्टीत गुपचूप रिले परत बसवतो म्हणाले. इलेक्ट्रिशियन तोवर गावाहून येईल.

प्रेस बंद ठेवा म्हटलं. मोठी ऑर्डर आहे, जमणार नाही.

सोमवारपर्यंत. फक्त सोमवारपर्यंत.

रविवार, १२ एप्रिल.

मोठ्या ऑर्डरमुळे आज रविवारीही प्रेस चालू. आज रिले दोनदा वाजला. दोनदा. आजवर दिवसातून एकदाच वाजायचा —

मामा घरी आला. धड आहे. दोन्ही ठोके रिकामे पडले. म्हणाला, बोटभर अंतराने चुकला.

आणि आत्ता बघते तर टेबलावर रिले नाही! मामीने दिला. भंगारवाल्याला. तो आवाज तिला सहन होत नव्हता, घरातली पीडा घालवली म्हणते. मामी, अगं काय केलंस — तिच्यावर ओरडले. तिला कुठे माहीत होतं. मीच सांगितलं नव्हतं कशाला हवाय ते.

भंगारवाल्याचं दुकान बंद. तो देहूरोडला गेलाय. सकाळी येईल.

मामाला म्हटलं, उद्या जाऊ नकोस. तो म्हणाला, चहाच्या सुट्टीपर्यंतचाच तर प्रश्न आहे, तू रिले घेऊन ये. परवा जयंती आहे, ढोलकीची शाई सुकलीय, तेवढी बघून घेतो. आणि खरंच बसला ढोलकी घेऊन. हळू वाजवली. मामी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

सोमवार, १३ एप्रिल. कंपनीचं गेट.

मिळाला. भंगाराच्या ढिगातून स्वतः उपसून काढला. आता माझ्या मांडीवर आहे, रुमालात.

वॉचमन आत सोडत नाही. उद्धवरावांना निरोप गेलाय. चहाचा भोंगा झाला की प्रेस बंद करून येतो, तोवर बसा, असा उलटा निरोप आला. बाकावर बसलेय. स्वस्थ बसवत नाही म्हणून लिहितेय.

बाकातून प्रेसची धडधड अंगात येतेय. चालू आहे. म्हणजे मामा ठीक आहे. प्रत्येक धक्क्याला मामा ठीक आहे.

धोंडीबा बाबा, तुमचं होतं ते मी परत आणलंय. चूक माझी. अक्षर माझं राहिलं. त्याला काही करू नका —

भोंगा होईलच आता. वॉचमन घड्याळ बघतोय.

रुमालात काहीतरी हललं.

उघडला. टक. पाती आत गेली.

सुटेल. आत गेली की सुटते, दर वेळी सुटते —

बाकाची धडधड थांबली. सगळे प्रेस थांबले. आत कोणीतरी ओरडतंय, माणसं पळतायत —

मी नखाने ओढतेय, सुटत नाही. मामा. दुसरं टक अजून